नाकेदारांची उताराची काठी

एका माणसाची काठी मी चार बोटं कापली आणि अकरा वर्षं त्याला ते सांगितलं नाही. कापली ती अजाणता. तेवढंच असतं तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण त्या चार बोटांनी काय घडलं ते डोळ्यांनी पाहूनही मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्यापायी एक धीट माणूस स्वतःला भित्रा समजू लागला. आता मी पन्नाशीला आलो आहे. शाळेच्या समारंभात कुणी माझ्या सचोटीबद्दल दोन शब्द बोललं, की मी हारातली पाकळी चुरगाळत खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

त्यांना सगळे नाकेदार म्हणत. जंगलखात्यात नोकरी करून ते घरी बसले होते. खात्याने नाका काढून घेतला तरी गावाने नाव काढून घेतलं नाही. शहापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना नदीकाठी त्यांचं गाव होतं. तिथल्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली ती साल चौतीस-पस्तीसच्या सुमाराला, दिवाळीनंतर. मी तेवीस वर्षांचा होतो. गावात बिऱ्हाड मिळेना, तेव्हा नाकेदारांनी आपली पडवी मला दिली.

पहिल्या दिवशी मी वळकटी घेऊन अंगणात उभा राहिलो. त्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग मागे, मग पुन्हा हातांकडे.

"मास्तर, काठी कुठं हाय?"

"काठी नाही माझ्याकडे."

"मंग तुमी किती दिवस ऱ्हानार ते आमाला कळायचं कसं?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. घरी आलेला पाहुणा काठी कशी ठेवतो यावर त्यांचा सगळा आतिथ्यशास्त्राचा डोलारा उभा होता. काठी हातातच धरून बसला, तर पाणी पिऊन जाणार. भिंतीला टेकवली, तर चहा. खुंटीला अडकवली, तर जेवणार. आणि भिंतीकडेला आडवी निजवली, तर माणूस मुक्कामाला आला, घोंगडी काढा. पाहुणा तोंडाने काहीही म्हणो, नाकेदार त्याच्या काठीचं ऐकत. एकदा एका लांबच्या मेहुण्याने "लगेच निघायचंय" म्हणत काठी आडवी टाकली आणि चार दिवस राहिला. तेव्हा नाकेदार मला म्हणाले, "तोंड लबाड असतं मास्तर. काठी नसते."

हे वाक्य पुढे मला फार बोचलं.

त्यांच्याकडे एकूण सात काठ्या होत्या. जंगलातल्या नोकरीत दुसऱ्याने पैसा केला असता. नाकेदारांनी लाकडाची पारख केली. जंगलात जायची काठी तिवसाची, बाजारची माणग्याच्या वेळूची, कुत्र्यांसाठी खैराची. व्याह्यांकडे जायची वेगळी, तिला चांदीची मूठ. मयताला जायची वेगळी, तिला मूठच नाही. मी एकदा विचारलं, "एकच काठी सगळीकडे चालणार नाही का?"

"चालेल ना. पन काठीला कळायला नको, आपून निघालो कुठं?"

आत माजघरातून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, आवाज आला, "सात काठ्या हायत, पन धोतर एकच धड हाय. ते मास्तरांना सांगा!"

काकींना हाक मारायची नाकेदारांना सवय नव्हती. ते ओटीवर बसून जमिनीवर काठी आपटत. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे पानाचा डबा, तीन म्हणजे कुणी मोठा माणूस आला, पदर नीट घे. काकी उलट चुलीवरच्या तव्यावर उलथनं आपटत. एक ठोका म्हणजे "ऐकलं". दोन म्हणजे "उठा आन स्वतः घ्या". दोनच ठोके जास्त ऐकू येत.

पाठ खाजवायला काठी, वलणीवरचं धोतर काढायला काठी, करवंदाची जाळी वाकवायला काठी, पेंढ्यात हात घालण्याआधी साप बघायला काठी. न्हावी आला की नाकेदार आपली काठी पिंपळाखाली उभी करून घरी येत आणि काठीचा नंबर लागला की जात. गावाची बैठक असेल आणि कंबर दुखत असेल, तर काठी पाठवून देत. काठी देवळाच्या खांबाला टेकलेली असे आणि पाटील तिच्याकडे बघून विचारी, "नाकेदारांचं काय म्हननं हाय?" कुणीतरी म्हणे, "काय बोलत नाय, म्हंजे कबूल हाय." त्यांची काठी बैठकीत त्यांच्यापेक्षा समजूतदारपणे वागते, असं गोमा म्हणायचा. गोमा हा शेजारचा कुणबी, नाकेदारांहून वीस वर्षांनी लहान, जिभेने तिखट.

सातवी काठी मात्र कशालाच वापरलेली मी पाहिली नाही. ती धामणीच्या लाकडाची, पुरुषभर उंच, खालच्या टोकाला लोखंडी टोपण, म्हणजे शेंबी, आणि अंगावर तापल्या सळईने डागलेल्या तीन रेघा. ती पडवीच्या आढ्याला दोन दोरांत आडवी टांगलेली असायची, माझ्या अंथरुणाच्या बरोबर वर. "हिला हात लावू नका," एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

वैशाखात मला शहापूरला शिक्षकांच्या बैठकीला जायचं होतं. नाकेदार आणि काकी दोघं मुलीकडे, मुरबाडच्या अंगाला गेले होते. मला कुत्र्यांची भीती वाटते, अजून वाटते. खैराची काठी त्यांनी बरोबर नेली होती आणि बाकीच्या कुलपाआड माजघरात होत्या. म्हणून मी ती धामणीची काढली.

पुढचं लिहायला लाज वाटते. वाटेत एका रायवळ आंब्याला कैऱ्या लागल्या होत्या. डोक्याला काळी टोपी, अंगात धुतलेला कोट, खिशात बैठकीचा कागद. आणि हा मास्तर आजूबाजूला कुणी नाही बघून आंब्यावर काठी फेकू लागला. तिसऱ्या फेकीला दोन कैऱ्या पडल्या आणि काठी खडकावर उभी आदळली. शेंबी उडून गवतात गेली, ती शोधून काढली. खालचं टोक चिरलं होतं.

शहापुरात एका सुताराकडे गेलो. त्याने चीर कुठवर गेलीय ते बघितलं.

"चार बोटं उतरवाया लागंल. मंग हीच शेंबी बशिवतो. कुनाला कळायचं नाय." काठी फिरवताना त्याने विचारलं, "या रेघा कसल्या?"

"शोभेच्या," मी म्हणालो.

अज्ञान ते एवढंच. मी तिथला पावसाळा पाहिला नव्हता.

नाकेदार परत आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी ती काठी उतरवून तेल लावलं. हातात तोलली. "मास्तर, औंदा हलकी लागते."

"उन्हानं सुकली असेल," मी म्हणालो. पहिलं खोटं ते. तेव्हा वाटलं, एका काठीपायी म्हाताऱ्याचं मन कशाला दुखवा.

आषाढात मला कळलं की ती काठी कशाची आहे. नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, गावाच्या खालीच होता. पलीकडच्या चार पाड्यांतली माणसं लावणीला, दळणाला, सोयरिकीला याच उतारावरून येत-जात. पाऊस लागला की रोज सकाळी नाकेदार धामणीची काठी घेऊन खाली जात, काठाजवळच्या एका सपाट कातळावर ती उभी धरत आणि पाणी कुठल्या रेघेला लागलं ते बघत. पहिल्या रेघेखाली पाणी असेल, तर बायकापोरांनी खुशाल यावं. दुसरीपर्यंत, तर गड्यांनी हात धरून. तिसरी बुडाली, की घरी जा. हे ते काठावरून हाळी देऊन सांगत, आणि पलीकडचा माणूस एक शब्द न बोलता ऐके. कुणी नेमलं नव्हतं त्यांना. वीस पावसाळे त्यांच्या हाळीवर माणसं नदी ओलांडत होती आणि एकही वाहून गेलं नव्हतं.

त्यांनी मला मोठ्या अभिमानाने त्या रेघा दाखवल्या. मी छत्री धरून उभा होतो. टोकाकडून चार बोटं गेलेली काठी पाणी चार बोटं जास्तच दाखवणार, हे गणित शिकवणाऱ्या माणसाला समजायला वेळ लागला नाही. तेव्हाच सांगायचं होतं. पण भोवती पाच-सहा माणसं होती आणि मला कैऱ्यांची लाज वाटली. मनाला म्हटलं, संध्याकाळी सांगू. शिवाय चूक सुरक्षित बाजूला आहे, कुणी बुडणार तर नाही. माणूस आपल्या भ्याडपणाला किती चांगली कारणं देतो!

बुडालं कुणी नाही. पण नदीच्या मधोमध एक काळा दगड होता. बसलेल्या म्हशीसारखा दिसे म्हणून त्याला म्हैसच म्हणत. म्हशीची पाठ दिसत असली की तिसरी रेघ कोरडी, हे सगळ्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. त्या वर्षी म्हशीची पाठ चांगली दिसे आणि नाकेदार तिसरी रेघ बुडाली म्हणून माणसं परत पाठवत.

"अवो नाकेदार, म्हैस दिसते हाय की!" गोमा म्हणाला.

"दिसू दे."

"दिसू दे काय? म्हंजे पानी कमी हाय."

"म्हैस वर आली असेल. खाली गाळ भरतो, दगड उचलतो."

"म्हैस उठून उबी ऱ्हायली?"

"दगड सरकतो गोमा. काठी सरकत नाय."

गावात त्यावर पंधरा दिवस हसणं चाललं. कुणी उशिरा आलं की म्हणे, "काय करनार, नाकेदारांची म्हैस उठली!" नाकेदारही हसत, त्यांना खात्री होती. पलीकडच्या लावणीच्या बाया दोन-तीनदा परत गेल्या, आणि ज्यांची रोपं वाफ्यात पडून राहिली ते मात्र हसेनासे झाले. मी रोज संध्याकाळी सांगणार होतो.

मग गौरी आल्या. नाकेदारांची एकुलती मुलगी जनी, लग्नानंतर पहिलं मूल घेऊन माहेरी येणार होती. काकींनी आदल्या दिवसापासून भोपळ्याचे घारगे करून ठेवले होते. रात्री पाऊस पडला होता. सकाळी सगळं गाव उतारावर होतं, कारण त्या दिवशी पलीकडून घराघरातल्या लेकी येतात. पलीकडच्या काठावर दहा-बारा माणसं उभी, त्यात जनी, पदराखाली मूल.

नाकेदारांनी काठी कातळावर धरली. पाणी तिसऱ्या रेघेच्या वर दोन बोटं. म्हशीची पाठ दिसत होती. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होतो. त्यांनी काठी उचलली, पुन्हा टेकवली. पुन्हा पाहिली. पलीकडे मुलीकडे बघितलं, पुन्हा रेघेकडे. मग त्यांनी हाळी दिली:

"जने! माघारी जा गो! पानी वर हाय!"

"बाबा, म्हैस दिसते ना!" तिचा आवाज पाण्यावरून बारीक आला.

"माघारी जा बोल्लो ना!"

ती गेली नाही, उभी राहिली. इतक्यात गोमा पाण्यात उतरला. "मी बघतो," म्हणाला आणि सरळ चालत पलीकडे पोचला. धोतर मांडीपर्यंत भिजलं. तिथून तो एकेकाला हात देऊन आणू लागला. इतरांच्या लेकी आल्या, हसत, लुगडी पिळत. सगळ्यांत शेवटी तो जनीकडे वळला. तिने मान हलवली. बापाने नाही म्हटलं होतं. ती मुलाला घेऊन वळली आणि चढावाने परत गेली.

नाकेदार काठी धरून तसेच उभे होते. त्यांच्या समोरून भिजलेली माणसं वर चढत होती. शेवटी गोमा जवळून जाताना हळू म्हणाला, "वय झालं नाकेदार. जीव भितो. होतं असं."

घरी आल्यावर त्यांनी धामणीची काठी आढ्याला टांगली. ओटीवर बसून एकदा दुसरी काठी आपटली. तव्यावर काही वाजलं नाही. तीन दिवस त्या घरात तवा वाजला नाही.

चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, "मास्तर, काठी खोटं बोलत नाय. तिच्यात खोट नाय. मीच रेघ चुकीची बघितली. मुलगी दिसली आन मी पान्याला भ्यालो. आषाढापासून भितच असेन, मला कळलं नाय." मग म्हणाले, "भितो तो मानूस उतारावर कामाचा नाय."

मी समोर बसलो होतो. काठी माझ्या डोक्यावर टांगलेली होती. मी म्हणालो, "तुम्ही विश्रांती घ्या." याहून हलकं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

ते पुन्हा नदीवर गेले नाहीत. पुढच्या पावसात उतारावर कुणीच नव्हतं, आणि पलीकडच्या पाड्यातल्या एकाचा बैल वाहून गेला. तोवर माझी बदली शहापूरला झाली होती. बैलाचं मला तिथे कळलं.

अकरा वर्षं गेली. लढाई संपली तरी साखर आणि रॉकेल चिठ्ठीवरच मिळत होतं. मी हेडमास्तर झालो होतो. शाळेत एक मुलगा खोटं बोलला म्हणून मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून खडसावत होतो. त्याने माझ्याकडे वर बघितलं, आणि मी त्याला खाली बसवलं. दुसऱ्या रविवारी, श्रावणात, मी किन्हवलीवरून चालत त्या गावाला गेलो.

नाकेदार ओटीवरच होते. वाळले होते. माझ्या हातात त्या दिवशी काठी होती. ती मी कशी ठेवतो इकडे त्यांचं लक्ष होतं. मी हातातच धरली.

"पानी पिऊन जानार?"

"आधी एक सांगायचंय. मग तुम्ही म्हणाल तसं."

मी सगळं सांगितलं. कैऱ्या, खडक, सुतार, शेंबी. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझं बोलून झाल्यावर नाकेदारांनी मान वर करून आढ्याच्या काठीकडे बघितलं.

"किती कापली?"

"चार बोटं."

"कुनाची?"

"सुताराची."

"सुताराची बोटं जाड. म्हंजे माझी पाच." ते मनाशी काहीतरी मोजत होते. "त्या दिवशी पानी दोन बोटं वर होतं. म्हंजे रेघ तीन बोटं कोरडी. म्हंजे म्हैस बसलेलीच होती."

"हो."

"आन मी बरोबर बघितलं होतं."

"अगदी बरोबर. माझं चुकलं, नाकेदार. मला माफ करा."

काकी म्हणाल्या, "अकरा वर्सं हा मानूस मला सांगतो, मी भित्रा हाय, मला नदीवर पाठवू नको. आन तुमी मास्तर? शिकलेले?" त्या आत गेल्या.

नाकेदार उठले. मला वाटलं, मारतात. मारलं असतं तर हात अडवला नसता. त्यांनी आढ्याची काठी उतरवली आणि पायात वहाणा घातल्या.

"घरात मागितलेली माफी मला नको. मी चुकलो ते घरात नाय. उतारावर चुकलो, सगल्यांच्या देखत. चला."

मुरबाडचा बाजार करून माणसं परतत होती. पलीकडच्या काठावर पंधरा-वीस जण टोपल्या घेऊन उभे होते, त्यात गोमा, आता केस पिकलेला. पाणी मोठ्याने वाहत होतं. नाकेदार माझ्या मागे उभे राहिले आणि काठीचं टोक माझ्या पाठीला लावलं. "बोला. शालंत वरडता तसं."

मी टोपी सारखी केली आणि सुरुवात केली, "ग्रामस्थहो, अकरा वर्षांपूर्वी माझ्या हातून अनवधानाने, म्हणजे काठीच्या मापाची मला कल्पना नसल्यामुळे..."

"काऽऽय?" पलीकडून गोमा ओरडला.

"काठीचं टोक चिरलं होतं! सुतार म्हणाला, कुणाला कळणार नाही! म्हणून मी..."

"ऐकू येत नाय मास्तर! थोडक्यात सांगा!"

पाठीला टोक जरा जोरात टोचलं. मी छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल असा ओरडलो:

"काठी मी कापली! नाकेदार भ्याले नव्हते! मी भ्यालो होतो!"